सहावी ते आठवीच्या मुलांसाठी ऑनलाइन कोर्स: पैसे भरण्याआधी काय तपासायचं?

(या भागाचा हा संपादित मजकूर आहे. ऐकताना वही-पेन हाताशी असतंच असं नाही, म्हणून तपासणीच्या पायऱ्या इथे नीट लिहून ठेवल्या आहेत. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, बाकी भाषा आहे तशीच आहे.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता. घरात सहावी, सातवी किंवा आठवीतलं मूल आहे. फोनवर रोज कुठल्या ना कुठल्या कोर्सची जाहिरात येते. गणिताचा, विज्ञानाचा, कोडिंगचा, शिष्यवृत्तीचा. यातला चांगला कुठला आणि नुसता चकचकीत कुठला, हे पालकांनी ओळखायचं कसं?

मी आज कुठल्याही कंपनीला पहिला-दुसरा नंबर देणार नाहीये. तशा याद्या दर सहा महिन्यांनी शिळ्या होतात. त्यापेक्षा तपासायची पद्धत हातात असेल तर समोर कुठलाही कोर्स येऊ दे, तुम्हीच ठरवू शकता. आणि त्यासाठी तुम्हाला स्वतःला गणित यायलाच हवं असं नाही.

हीच तीन वर्षं का महत्त्वाची?

पाचवीपर्यंत गणित बरंचसं डोळ्यांना दिसतं. आंबे मोजता येतात, पैसे वाटता येतात. सहावीपासून ते बदलतं. ऋण संख्या येतात, वेगळ्या छेदांचे अपूर्णांक येतात, मग संख्यांच्या जागी अक्षरं येतात. विज्ञानातही डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी सुरू होतात: बल, अणू, पेशी. इथे एखादी गोष्ट समजली नाही तरी मूल नियम पाठ करून वेळ मारून नेऊ शकतं. मार्कही बरे पडतात. पण तो कच्चा पाया नववी-दहावीत उघडा पडतो आणि तोवर मुलाने मनाशी ठरवून टाकलेलं असतं, की "मला गणित येतच नाही."

म्हणून या वयातला वाईट कोर्स नुसते पैसे घालवत नाही. मूल व्हिडिओ बघतं, मान डोलावतं, त्याला वाटतं कळलं. पालकांना वाटतं, चला, काहीतरी चाललंय. आणि जे वर्ष कच्चं राहिलेलं भरून काढायला मिळालं असतं, ते निघून जातं.

आधी हे ठरवा: कोर्स कशासाठी हवाय?

साधारण तीन कारणं असतात. एक, शाळेतलं काहीतरी कच्चं राहिलंय. दोन, मुलाला एखाद्या विषयाची ओढ आहे आणि शाळेत तो पुरेसा मिळत नाही. तीन, एखादी परीक्षा आहे: शिष्यवृत्ती, आठवीची एनएमएमएस, सहावीची होमी भाभा बालवैज्ञानिक.

या तिन्ही गरजा वेगळ्या आहेत, त्यामुळे मोजमापही वेगळं. कच्चं भरून काढायचं असेल तर कोर्सने मागे जायची तयारी दाखवली पाहिजे. सातवीच्या मुलाचं पाचवीतलं भागाकाराचं दुखणं असेल, तर सातवीचे शंभर व्हिडिओ देऊन काय उपयोग? आवडीसाठी असेल, तर त्याने हाताने काय करायला मिळतं ते बघा. परीक्षेसाठी असेल, तर आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची पायरीपायरीने दिलेली उत्तरं आहेत का, ते बघा. "ऑल इन वन" म्हणणारा कोर्स यातलं एकही काम धड करत नाही, असं होऊ शकतं. तेव्हा गरज एका वाक्यात कागदावर लिहा आणि मगच डेमो बघायला बसा.

पहिली चाचणी: 'का' सांगतो की नुसता नियम सांगतो?

डेमो त्यांनी निवडलेल्या धड्याचा बघू नका. तो त्यांचा सगळ्यात चांगला धडा असणार. धडा तुम्ही निवडा. सातवीसाठी माझी सूचना: पूर्णांक संख्यांचा गुणाकार. ऋण गुणिले ऋण बरोबर धन. हे का, ते कोर्स सांगतो का?

साधासुधा कोर्स म्हणेल, "दोन वजा मिळून अधिक होतं, लक्षात ठेवा." एखादं गाणंही लावेल. चांगला शिक्षक काय करेल, बघा. तो असं मांडेल:

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०

डावीकडची संख्या एकेकाने कमी होतेय आणि उत्तर दर वेळी दोनने वाढतंय. मग पुढची ओळ काय असेल? (−१) × (−२). शून्यात दोन वाढवले की दोन. मूल स्वतःच उत्तरापर्यंत येतं. हा काही एकमेव मार्ग नाही, पण "का" या प्रश्नाचं मुलाला पटेल असं उत्तर कोर्समध्ये हवं. ते नसेल तर ती घोकंपट्टीच, फक्त रंगीत पडद्यावरची.

विज्ञानासाठी ऋतूंचा धडा घ्या. बऱ्याच मुलांना, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनाही, वाटतं की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. प्रत्यक्षात ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या थंडीत! चांगला कोर्स ही गैरसमजूत उघडपणे समोर आणतो, मग अक्षाच्या कलण्याकडे वळतो. नुसता फिरणारा सुंदर गोल दाखवला तर मुलाच्या डोक्यातली चुकीची कल्पना तशीच राहते, वर एक नवा शब्द चिकटतो इतकंच.

दुसरी चाचणी: मुद्दाम चुकीचं उत्तर द्या

ही माझी सगळ्यात आवडती चाचणी. डेमोत बरोबर उत्तर दिलं की सगळेच कोर्स टाळ्या वाजवतात. तुम्ही चुकीचं द्या. आणि कुठलंही चुकीचं नाही, मुलं हमखास करतात ती चूक करा.

अर्धा अधिक एक तृतीयांश किती? मुलं वरचे अंश मिळवतात, खालचे छेद मिळवतात आणि लिहितात दोन पंचमांश. हे उत्तर टाका आणि कोर्स काय म्हणतो ते बघा.

तीन प्रकार दिसतील. पहिला प्रकार: लाल फुली, "पुन्हा प्रयत्न करा." यातून मूल फक्त दुसरा पर्याय दाबायला शिकतं. दुसरा: बरोबर उत्तर आणि पायऱ्या. हे बरं आहे. तिसरा, खरा चांगला प्रकार: तो विचारतो, "दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" कमी! अर्धी भाकरी होती, त्यात आणखी घातली आणि अर्ध्याहून कमी कशी झाली? इथे मुलाला आपली चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

अशीच दुसरी चूक दशांशांची: ०.३५ मोठे की ०.५? पुष्कळ मुलं ०.३५ म्हणतात, कारण पस्तीस पाचपेक्षा मोठे. ज्यांनी कोर्स बनवलाय त्यांनी वर्गात कधी शिकवलंय की नाही, हे या दोन प्रश्नांत कळतं. ज्याने मुलांच्या वह्या तपासल्यात त्याला या चुका तोंडपाठ असतात.

तिसरी चाचणी: काम कोण करतंय?

घड्याळ लावा. अर्ध्या तासात मूल किती मिनिटं फक्त बघतंय आणि किती मिनिटं लिहितंय, सोडवतंय, बोलतंय, हे मोजा. वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बघणं असेल, तर ते शिकणं कमी आणि करमणूक जास्त.

इथे दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. २०१४ मध्ये एडएक्स या व्यासपीठावरच्या व्हिडिओंचा एक अभ्यास झाला. व्हिडिओ बघण्याची सुमारे ६९ लाख सत्रं तपासली गेली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणारे साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकत होते. आणि ते महाविद्यालयीन पातळीचे कोर्स होते! बारा वर्षांच्या मुलाकडून पाऊण तासाची अपेक्षा करणं किती अवघड आहे, हे यावरून लक्षात येईल.

दुसरा अभ्यास २००६ चा, रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एका गटाने तेच पुन्हा वाचलं, दुसऱ्या गटाने पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे! आपल्या विषयाचं मर्म यातच आहे. डेमोनंतर लगेच मूल जे धडाधड सांगतं, त्यावर कोर्सची परीक्षा करू नका.

म्हणून आठवड्याची चाचणी. डेमोत शिकलेल्या भागावरचे तीन प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. सात दिवसांनी, आधी काही न सांगता, मुलाला कोऱ्या कागदावर सोडवायला द्या. आणि एक विनंती करा: "मला समजावून सांग, मला येत नाही असं समज." मूल नुसता नियम म्हणून दाखवतंय की कारण सांगतंय, ते ऐका. सेल्समन सांगेल, "आजच निर्णय घ्या." त्याला सांगा, आमचा निकाल आठवड्याने लागतो.

चौथी चाचणी: आपल्या पुस्तकाशी आणि भाषेशी जुळतं का?

कोर्स उत्तम असू शकतो आणि तरी तुमच्या मुलाच्या कामाचा नसू शकतो. राज्य मंडळाच्या शाळेत असाल तर बालभारतीचं पुस्तक शेजारी ठेवा. मराठी माध्यमाच्या मुलाला छेद, लसावि, बैजिक राशी हे शब्द रोजचे असतात. कोर्समध्ये तेच इंग्रजीतून आले तर त्याला एकाच वेळी दोन गोष्टी शिकाव्या लागतात. सेमी-इंग्रजीवाल्यांचं उलट: गणित-विज्ञान इंग्रजीतून, तेव्हा शब्द इंग्रजी हवेत, पण समजावणं मराठीतून झालं तर मुलाला मोकळेपणाने प्रश्न विचारता येतो. "मराठीत उपलब्ध" असं लिहिलेलं असेल तर प्रत्यक्ष ऐका. नुसतं हिंदीवरून मराठीत आणलेलं बोलणं असेल तर दोन मिनिटांत कळतं.

सीबीएसईच्या पालकांनी आणखी एक गोष्ट बघावी. एनसीईआरटीची पुस्तकं बदलली आहेत. सहावीचं नवं 'गणित प्रकाश' २०२४ मध्ये आलं, पुढच्या वर्षी सातवी-आठवीची. जुन्या पुस्तकावर बेतलेले व्हिडिओ अजूनही नव्या वेष्टनात विकले जाऊ शकतात. तेव्हा धड्यांची नावं ताडून बघा.

पाचवी चाचणी: पलीकडे माणूस आहे का?

तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी मागा. शिकवणार कोण, आणि डेमोत दिसलेली व्यक्तीच पुढे शिकवणार का? एका वर्गात किती मुलं? शंका विचारली तर उत्तर कोण देतं आणि किती वेळात?

"लाइव्ह क्लास" या शब्दाला भुलू नका. पाचशे मुलांचा लाइव्ह वर्ग आणि रेकॉर्ड केलेला व्हिडिओ यात मुलाच्या दृष्टीने फार फरक नसतो, हात वर केला तर दिसणार कुणाला? आणि शंका सोडवायला संगणकीय सहायक असेल, तर त्यालाही मघाचं दोन पंचमांश टाकून बघा. लगेच तयार उत्तर हातात देतो की मुलाला विचार करायला लावतो, ते कळेल.

फुकटचं आधी तपासा

फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण मी गंमत करत नाहीये. फुकट मिळणारं साहित्य ही आपली मोजपट्टी आहे. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की केंद्र सरकारच्या दीक्षा या व्यासपीठावर त्या पाठाचं साहित्य उघडतं. दीक्षा २०१७ पासून आहे, पण किती पालकांनी तो कोड एकदा तरी स्कॅन केलाय? खान अकॅडमी ही नफ्यासाठी न चालणारी संस्था आहे, तिथे सरावाचे प्रश्न मोफत आहेत. विज्ञानाची आवड असेल तर अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंपासूनची खेळणी बघा. पुण्यात आयुकामध्ये त्यांनी मुलांसाठी अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या छोट्या फिल्म्स मराठीतही आहेत आणि काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलच्या ट्यूबमधली व्हॉल्व्ह-नळी एवढ्या सामानावर भागतं.

आता प्रश्न असा विचारायचा: पैसे घेणारा कोर्स यापेक्षा जास्त काय देतो? उत्तर "जास्त व्हिडिओ" असेल तर सोडून द्या. उत्तर "माझ्या मुलाची वही बघणारा माणूस" असं असेल, तर ते पैसे देण्यासारखं आहे.

पैशाचा आणि सहीचा भाग

एका श्रोत्या ताईंनी विचारलं होतं: "कंपनीचे प्रतिनिधी घरी आले. मुलीची छोटी टेस्ट घेतली, म्हणाले, खूप मागे आहे. तीन वर्षांचं पॅकेज घ्या, हप्ते पाडून देतो, पण सूट आजच. मुलगी समोरच बसलेली, नाही कसं म्हणायचं?"

ताई, पहिलं म्हणजे मुलीसमोर तिची किंमत ठरवणारी टेस्ट विकणाऱ्याने घेतली, तर तिचा निकाल विकण्यासाठीच लागतो. तिच्या शाळेतल्या बाईंना भेटा, वही दाखवा, त्या फुकट आणि खरं सांगतील. आणि हे मुलीलाही सांगा, कारण "मी मागे आहे" हे तिने ऐकलंय.

दुसरं, हप्ते म्हणजे बऱ्याचदा कर्ज असतं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांसाठी जाहीर सूचना काढली होती: खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देणं टाळा, माहीत नसलेल्या कर्जावर सही करू नका, जाहिरातींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियमावली आणली. यशाची हमी देणं किंवा "जागा थोड्याच उरल्यात" अशी खोटी घाई करणं हे त्यात दिशाभूल मानलंय.

तिसरं, लांबचं पॅकेज घेऊ नका. एकेकाळी देशातल्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन शिक्षण कंपन्यांत गणल्या जाणाऱ्या बायजूजविरुद्ध जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. म्हणजे तीन वर्षांनी कंपनी कुठे असेल, हे कंपनीलाही सांगता येत नाही. महिन्याचे किंवा फार तर तिमाहीचे पैसे भरा. पैसे परत मिळण्याच्या अटी लेखी घ्या. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

आणि माहितीचंही बघा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं तत्त्व आहे. गणिताच्या ॲपला फोनमधले संपर्क आणि लोकेशन कशाला हवं? नको म्हणा. त्याशिवाय ॲप चालत नसेल, तर ॲपच नको.

सुरू केल्यावर महिन्याने

कोर्स घेतला म्हणजे तपासणी संपली असं नाही. "पदरात पडलं, पवित्र झालं" हे इथे चालत नाही. महिन्याने चार गोष्टी बघा:

• मूल न सांगता कधी तरी स्वतःहून बसतं का?
• शाळेच्या वहीत काही फरक दिसतो का? ॲपमधल्या बॅजेस आणि सर्टिफिकेटवर जाऊ नका, सातवीच्या सर्टिफिकेटला पुढे कुणी विचारत नाही.
• आधी यायची नाहीत अशी दोन गणितं आता कागदावर, एकट्याने येतात का?
• मूल जास्त प्रश्न विचारायला लागलंय का? हे लक्षण सगळ्यांत चांगलं.

चारपैकी एकही "हो" नसेल तर बंद करा. भरलेले पैसे गेले, पण वेळ तरी वाचेल. आणि बंद करताना दोष मुलावर टाकू नका. "एवढे पैसे भरले, तरी तुला येत नाही" हे वाक्य घरात येऊ देऊ नका. कोर्स जुळला नाही, एवढंच.

शेवटचं एक. या सगळ्या चाचण्यांत मुलाला सोबत घ्या. मुद्दाम चुकीचं उत्तर टाकायला या वयाच्या मुलांना फार मजा येते! कोर्सने चूक कशी समजावली यावर त्याचं मत विचारा. बारा-तेरा वर्षांचं मूल "हा नीट शिकवतो, हा नुसता बोलतो" हे छान ओळखतं, आपण विचारत नाही एवढंच. चांगलं शिकवणं म्हणजे काय, हे त्याला एकदा कळलं की पुढे दहावीनंतर हेच प्रश्न तो स्वतः विचारेल.

या रविवारी एक काम करा. गरज लिहा, एक धडा निवडा, तीन प्रश्नांची चिठ्ठी बनवा. काय आढळलं ते आम्हाला कळवा, पुढच्या भागात त्यातले अनुभव घेऊ.